पाव फेरा

पीयूसीच्या व्हॅनपाशी मामांची पद्मिनी उभी होती. सायलेन्सरमध्ये नळी, स्क्रीनवर आकडा: कार्बन मोनॉक्साइड 4.1 टक्के. तिच्या पिढीच्या गाड्यांना मर्यादा 3 टक्के. व्हॅनमधला मुलगा सहज म्हणाला, "मेकॅनिककडून पाव फेरा मारून आणा. पास होईल."

जुन्या नाशकातल्या आमच्या मेकॅनिकना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडलं, कार्ब्युरेटरवरचा एक छोटा स्क्रू जरासा घट्ट केला. इंजिन किंचित अडखळायला लागलं. "जाऊन ये. आल्यावर होता तसा करून देतो."

"म्हणजे गाडी सुधारली नाही?"

"तुला पासच करायचीय ना, बेटा?"

गाडी पास झाली. स्क्रू परत सैल झाला. कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात गेला.

कार्ब्युरेटरचं तत्त्व सोपं आहे. हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि त्या ओढीने पेट्रोल जेटमधून वर येतं. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते. पेट्रोल जास्त झालं की ते अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. पण चाचांनी फिरवलेला स्क्रू मुख्यतः गाडी उभी असतानाचं, म्हणजे आयडलिंगचं मिश्रण ठरवतो. आणि ही तपासणीही गाडी उभी असतानाच होते. म्हणजे तो कागद खोटा नव्हता. तो फक्त कुठेही न जाणाऱ्या गाडीबद्दल खरा होता.

ही युक्ती मला नवीन नव्हती. 2015 मध्ये फोक्सवॅगनची चोरी पकडली गेली. त्यांच्या डिझेल गाड्यांमधलं सॉफ्टवेअर स्टिअरिंग, वेग वगैरेंवरून ओळखायचं की आपली चाचणी चालू आहे, आणि तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागायचं. रस्त्यावर मात्र नायट्रोजन ऑक्साइड्स मर्यादेच्या 40 पटींपर्यंत जायचे. जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या. तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो आणि कॅन्टीनमध्ये आम्ही त्या कंपनीला यथेच्छ शिव्या घातल्या होत्या. पुढे नोकरीत एका रिलीजच्या रात्री माझी एक टेस्ट काही केल्या पास होईना. मी कोड सुधारला नाही, टेस्टमधलं अपेक्षित उत्तर बदललं. हिरवी टिक आली. सगळे घरी गेले. पाव फेराच तो.

फोक्सवॅगनला खोटं एकदाच लिहावं लागलं, पुढे ते यंत्र बोलत राहिलं. आमच्या जुन्या गाडीला ते दर सहा महिन्यांनी नव्याने बोलावं लागतं, आणि दर वेळी कुणाचा तरी हात लागतो. पण तो हात चाचांचा म्हणून दोष त्यांचा, असं मला म्हणवत नाही. प्लगचा रंग बघून मिश्रण सांगणारा माणूस आहे तो. मी त्यांच्याकडे कागद मागितला, त्यांनी कागद दिला. काम मी मागितलंच नव्हतं.

पंधरा दिवसांनी द्वारकेच्या सिग्नलवरून निघताना आरशात दिसलं: मागच्या स्कूटीवरच्या मुलीने ओढणी नाकावर घेतली. माझ्याच धुरामुळे. आणि कप्प्यात माझ्या निर्दोषपणाचा कागद होता.

दुसऱ्या दिवशी चाचांना म्हटलं, पास नको, नीट करा. ते हसले. "हे आधी सांगायचं."

अर्धा दिवस गेला. फ्लोटची सुई झिजली होती, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोलची पातळी कायम वर राहत होती. एअर फिल्टर धुळीने भरला होता. शिवाय गाडी दादरची. समुद्रकाठी बसवलेलं मिश्रण सुमारे 600 मीटर उंचीवरच्या नाशकाच्या विरळ हवेत आपोआप जास्त पेट्रोलचं होतं. सगळं जुळवून आम्ही त्र्यंबक रोडला चक्कर मारून आलो. चाचांनी प्लग काढून दाखवला. काजळी गेली होती, रंग दुधाच्या चहासारखा.

पुन्हा तपासणी केली, स्क्रूला हात न लावता: 2.3.

आनंद झाला, पण फार टिकला नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या बीएस-4 गाड्यांना मर्यादा 0.3 टक्के आहे. माझा प्रामाणिक आकडा त्याच्या सात-आठ पट. नियमात बसणं आणि बरोबर असणं एक नव्हे, हे इथे कळलं. पण पाव फेऱ्याच्या दिवशी मी इथवर पोचलोच नव्हतो. खोट्या आकड्याने व्हॅनमधला मुलगा फसला नाही, त्याला सगळं माहीत होतं. फसलो मी. पास झाल्यावर पुढचा प्रश्न मला पडलाच नाही.

तो प्रश्न आता आहे: ही गाडी किती चालवायची? विकायचं मामांच्या जिवावर येतं, आणि माझ्याही. सध्या महिन्यातून एकदा, पहाटे, रस्ते रिकामे असताना काढतो. सिग्नलला थांबलो की आरशात बघतो, मागे कोण आहे ते.

आणि ऑफिसमधली ती टेस्ट गेल्या आठवड्यात पुन्हा उघडली. ती सध्या लाल आहे.