देव न मानणारा मुलगा आणि घरची आरती

॥ श्री गुरुदेव ॥



गेल्या पंधरवड्यात आपल्या परिवार-ग्रुपवर एकच वाद चालला होता. कुणीतरी संदेश पुढे पाठवला, "ज्याला देवाचं भय नाही तो कुठलंही पाप करू शकतो." खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. त्यात कॉलेजच्या एका मुलाने लिहिलं, "मी देव मानत नाही, पण चोरीही करत नाही." मग काय विचारता! कुणी म्हणालं ग्रुपमधून काढा, कुणी आईबापाचे संस्कार काढले. रात्री त्याच्या आईचा फोन आला, रडत होती. "भाऊ, हे त्याच्याशी बोलत नाहीत. तो जेवायला बसला की ताटावरून उठून जातात. माझा पोरगा वाया गेला म्हणू का मी?"

ताई, नाही. आणि का नाही, ते आज जरा सविस्तर बघू.

आधी तो संदेशच घ्या. भयानेच माणूस चांगला राहतो असं आपण म्हणतो, तेव्हा आपण स्वतःबद्दल काय सांगतो? लूम खात्यात कॅमेरा बसवला म्हणून ज्याने सुताचा कोन उचलला नाही, त्याला शेठ प्रामाणिक म्हणेल का? कॅमेरा बंद पडला की कळेल. देवाला आपण असा कॅमेरा करून ठेवलाय. आणि गंमत अशी, की हा कॅमेरा नारळ-पेढ्याने बंद करता येतो असंही आपल्यालाच वाटतं! साडीचा कट सांगितल्यापेक्षा कमी द्यायचा आणि अमावास्येला दानपेटीत नोट टाकायची. त्या पोराने हे बघितलं असेल तर त्याचं चुकलं कुठे?

आपल्या महिधरपुऱ्यात हिऱ्याचा बाजार बघा. कागदाच्या पुडीत लाखांचा माल, रस्त्यावर उभ्या उभ्या एका हातातून दुसऱ्या हातात जातो. आंगडियाच्या हाती रक्कम जाते. सगळं चालतं शब्दावर. तिथे कुणी विचारत नाही, तू सकाळी पूजा केलीस का. विचारतात, शब्द पाळतोस का. व्यवहारातली नीती देव मानणाऱ्यालाही लागते, न मानणाऱ्यालाही लागते.

आता काहींना वाटतं, हे नास्तिकपण मोबाईलमधून आलं, परदेशातून आलं. बंधूंनो, तसं नाही. रामायणात जाबालीची गोष्ट आहे. भरत रामाला परत न्यायला वनात गेला, तेव्हा जाबालीने रामाला स्पष्ट सांगितलं की परलोक वगैरे कुणी पाहिला, राज्य घे. रामाने त्याला कडक उत्तर दिलं. पण जाबाली कोण होता? दशरथाच्या दरबारातला मानाचा ब्राह्मण. आपल्याकडे सांख्य आहे, मीमांसा आहे, त्यांत जग निर्माण करणारा ईश्वर मानल्याशिवाय विचार मांडलेला आहे. चार्वाक तर सगळ्यांना माहीत. म्हणजे हा प्रश्न आपल्या घरातलाच जुना प्रश्न आहे.

आणि सुरतेत राहून आपल्याला माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो. 1844 साली याच शहरात मानवधर्म सभा स्थापन झाली. पुढाकार शाळामास्तर दुर्गाराम मेहताजींचा, आणि त्यांच्याबरोबर कोण? आपले दादोबा पांडुरंग तर्खडकर! मराठी व्याकरणकार म्हणून शाळेत नाव वाचलं असेल, तेच. ते तेव्हा इथल्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. दर रविवारी सभा भरायची. जातिभेद, मूर्तिपूजा, विधवांचे हाल, यावर उघड बोलणं व्हायचं. मंत्र मारतो, भूत उतरवतो म्हणणाऱ्यांना मेहताजी उघड आव्हान द्यायचे, करून दाखव म्हणून. ही मंडळी नास्तिक नव्हती हं. एक ईश्वर मानणारी होती. पण देवाच्या नावावर काहीही खपवून घेणारी नव्हती. 1846 ला दादोबा मुंबईला गेले, 1852 ला मेहताजी राजकोटला, आणि सभा थांबली. मुंबईत दादोबांनी 1849 च्या सुमाराला परमहंस सभा काढली, तर ती गुप्त ठेवावी लागली. सुरतेत उघड, मुंबईत गुप्त. का? जातीबाहेर टाकतील म्हणून. सदस्यांची नावं फुटली आणि 1860 मध्ये ती सभा मोडली. घरच्यांच्या भीतीने माणसं खरं बोलायची बंद झाली, की असं होतं. आज आपल्या ग्रुपवर आपण तेच करतोय.

आगरकरांचं तर सगळ्यांना माहीत. देव न मानणारा माणूस. पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. अडतिसाव्या वर्षी, 1895 मध्ये गेले. मोठ्या पगाराची वाट सोडून शाळा-कॉलेजच्या तुटपुंज्या वेतनावर दम्याने खंगत राबले. पण स्वतः मानत नसताना यशोदाबाईंच्या देवधर्माला त्यांनी जबरदस्तीने अडवलं नाही. माझ्या मते हे फार मोठं आहे. आपल्यातले किती आस्तिक बाप एवढी मोकळीक घरात देतात?

आता उलटं विचाराल, "मग भाऊ, नामस्मरण कशाला? आरती कशाला?" प्रश्न बरोबर आहे.

1994 चा सप्टेंबर इथल्या जुन्या माणसांना आठवत असेल. पुराचं पाणी ओसरलं आणि वेड रोड, कतारगामकडे प्लेगची आवई उठली. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नाही, भुसावळकडच्या गाड्यांना लोक लटकलेले. लाखो माणसं शहर सोडून गेली. बऱ्याच खाजगी दवाखान्यांना कुलूप. जो गेला त्याला मी पापी म्हणणार नाही, लेकरं होती. पण सिव्हिलमध्ये जे डॉक्टर, नर्स, झाडूवाले थांबले, त्यांत माळ जपणारे असतील, न जपणारे असतील. तापलेल्या रुग्णाला त्याचा काय फरक?

मग नाम कुठे उपयोगी येतं? मी एवढंच सांगेन. चांगलं काम एकदा करणं सोपं असतं. दहा वर्षं, कुणी बघत नसताना, कुणी "वा" म्हणत नसताना, उलट शिव्या खाऊन करत राहणं अवघड. तिथे मन कोरडं पडतं, अहंकार चढतो, "मी करतो म्हणून चाललंय" असं वाटायला लागतं. भक्त तो भार सद्गुरूंच्या पायाशी ठेवतो आणि सकाळी पुन्हा झाडू उचलतो. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात देवाबद्दल लोकांनाच प्रश्न विचारायचे. नाशिक, पंढरपूर, आळंदीच्या धर्मशाळा त्यातून उभ्या राहिल्या. ज्याला असा आधार देवाशिवाय मिळतो, त्याला मिळो. मला नामातून मिळतो. मला तो भीतीतून मिळत नाही, एवढं नक्की.

न मानणाऱ्या मुलांनाही दोन शब्द. बाळांनो, देव नाही म्हटल्याने माणूस आपोआप शहाणा होत नाही. आजीच्या जपमाळेची टिंगल करणं हा काही विचार नव्हे. दादोबांनी, आगरकरांनी आपल्या मतासाठी सोसलं, मग बोलले. तुम्ही काय सोसायला तयार आहात ते स्वतःला विचारा. आणि आम्हाला खुशाल विचारा, दानपेटीचा हिशोब सुद्धा. तो विचारायचा हक्क तुमचा आहे.

वडीलमंडळींना विनंती. पोराला आरतीला ओढून उभं करू नका. त्याच्याविरुद्धचे संदेश ग्रुपवर टाकू नका. त्याचं ताट वाढलं की समोर बसून जेवा. वाद घालायचा असेल तर जेवता जेवता घाला, फोनवर नको. त्याने विचारलं आणि उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही" म्हणा, त्याने सद्गुरूंचा काही अपमान होत नाही. आणि त्या दिवशी ज्यांनी त्याच्या आईला उद्देशून संस्कारांचं लिहिलं, त्यांनी आज संध्याकाळच्या आत फोन करून माफी मागावी. ग्रुपवर नव्हे, फोन करून.

येत्या रविवारी सकाळी 7 वाजता लिंबायतच्या खाडीकाठी साफसफाईची सेवा आहे. झाडू, घमेली, हातमोजे केंद्रातून मिळतील. देव न मानणाऱ्या मुलामुलींनाही बोलवा. आरती सेवेनंतर आहे, ज्याला थांबायचं त्याने थांबावं. चहा-पोहे सगळ्यांना आधीच मिळतील.

जय गुरुदेव.