विकणाऱ्याचे मौन

मनुष्य एकही खोटा शब्द न बोलता आपल्या शेजाऱ्यास फसवू शकतो काय? हा प्रश्न विद्वानांच्या वादाचा, असे समजून आम्ही तो पुष्कळ दिवस बाजूस ठेविला होता. परंतु गेल्या उन्हाळ्यात तो एका जुन्या मोटारीच्या रूपाने आमच्या दारी येऊन उभा राहिला. आमच्या मंडळ्यांतील अनेक कुटुंबे आता अशा गाड्या घेऊ लागली आहेत. कोणी दूध पोहोचविण्यासाठी, कोणी आजाऱ्यास तालुक्याच्या दवाखान्यात नेण्यासाठी. ह्यास्तव जे घडले ते वाचकांपुढे ठेवणे आम्हास उचित वाटते.

गाडी दहा वर्षांची होती. विकणारे गृहस्थ व्यापारी नव्हते; घरची गाडी विकीत होते. आमची त्यांची पूर्वीची ओळख नव्हती. आम्ही विचारिले, "हिच्यात काही दोष आहे काय?" ते म्हणाले, "आपण स्वतःच पाहून घ्यावी." आम्ही सपाट रस्त्यावर मैलभर चालवून पाहिली, रंग पाहिला, बैठका पाहिल्या, आणि पैसे मोजून दिले. नवव्या दिवशी संगमनेरहून पुण्याकडे जाताना चंदनापुरीच्या घाटात उष्णतेचा काटा लाल रेघेस भिडला, पुढून वाफ निघू लागली, व गाडी जागीच थांबली. बरोबर एक वृद्ध आजारी भगिनी होत्या. भर दुपारी दोन तास त्यांस रस्त्याच्या कडेला बसून राहावे लागले.

इंजिन निवाल्यावर मिस्तरीने तेलाचे झाकण उघडून दाखविले. आतील तेल दुधाच्या चहासारखे झाले होते. त्याने समजावून सांगितले की, इंजिनाच्या वरच्या व खालच्या भागामध्ये गॅस्केट म्हणून जो पातळ थर असतो, तो फाटला म्हणजे थंड करणारे पाणी तेलात मिसळते. मग इंजिन तापते, आणि तसेच चालविल्यास कायमचे निकामी होते. गळती बुजविण्याचे औषधही पाण्यात टाकलेले आढळले. "साहेब, हा नऊ दिवसांचा रोग नव्हे," तो म्हणाला. दुरुस्तीस गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा लागणार होता. मग आवाज उतरवून त्याने दुसरी वाट दाखविली: "तेच औषध पुन्हा टाकतो, तेल बदलतो. पंधरा दिवस गाडी कुरकुरणार नाही. तेवढ्यात कोणाला तरी देऊन टाका."

आम्ही कबूल करितो की, हा सल्ला ऐकताच आम्हास त्याचा वीट आला नाही. आम्ही मनातल्या मनात गिऱ्हाईक शोधू लागलो होतो.

प्रथम आम्ही विकणाऱ्याकडे गेलो. ज्याने आपला अपराध केला त्याला एकांती गाठून बोलावे, चार लोकांत त्याची नाचक्की करू नये, अशी प्रभूची शिकवण मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. त्या गृहस्थांनी आम्हास चहा दिला व शांतपणे म्हटले, "मी एक तरी शब्द खोटा बोललो काय? आणि मलाही ती अशीच मिळाली होती. माझे नुकसान कोणी भरून दिले?" आम्ही रिकाम्या हाती परतलो; परंतु ते दोन प्रश्न आमच्याबरोबर घरी आले.

पहिला प्रश्न फार जुना आहे. सिसरो नामक रोमी पंडिताने इ. स. पूर्व 44 मध्ये कर्तव्यांविषयी लिहिलेल्या ग्रंथात घर विकणाऱ्याचे उदाहरण घेतले आहे. घरातील दोष त्या एकट्यालाच ठाऊक आहेत. त्याने ते सांगावे की नाही? एका पक्षाचे म्हणणे असे की, त्याने घेण्याची बळजोरी केलेली नाही, मग न सांगण्यात कपट कसले? दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, जाणूनबुजून दुसऱ्याला चुकीत पडू देणे हे वाट चुकलेल्याला वाट न दाखविण्याहूनही वाईट. सिसरोने कौल दुसऱ्या पक्षास दिला.

आपल्या देशाचा कायदा मात्र अधिक सावध आहे. 1872 च्या करार कायद्याच्या सतराव्या कलमात घोड्याचे उदाहरण दिलेले आहे. एकाने लिलावात घोडा विकला. त्यात दोष आहे हे ठाऊक असूनही तो बोलला नाही. कायदा ह्याला लबाडी म्हणत नाही. परंतु घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य होते, असे तोच कायदा म्हणतो. आणि घेणारा जर म्हणाला की, तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन, तर त्यानंतरचे मौन हे बोलण्याइतकेच समजावे.

वाचकहो, ह्या उदाहरणाकडे नीट पाहा. घोडा तोच, दोष तोच, मौनही तेच. फरक एवढाच की, एकीकडे मुलगी आहे आणि दुसरीकडे परका आहे. परक्याने आपले डोळे आपण उघडे ठेवावेत, हे कायद्याचे म्हणणे. आणि राज्यकारभारासाठी कोठे तरी रेघ ओढावी लागते, ह्यात कायद्यास आम्ही दोष देत नाही. परंतु आमच्या प्रभूला एका शास्त्र्याने नेमकी हीच रेघ विचारिली होती: माझा शेजारी कोण? उत्तरादाखल त्याने शोमरोनी मनुष्याची गोष्ट सांगितली, आणि ज्याच्याशी ना नाते ना जात, असा परका त्या शास्त्र्याच्या घरात आणून बसविला. तेव्हापासून ख्रिस्ती मनुष्याला मुलगी आणि परका असे दोन हिशेब ठेविता येत नाहीत. जे आपण मुलीला सांगितले असते, तेच बाजारात भेटलेल्या अनोळखी माणसाला सांगणे, एवढाच ह्या बाबतीत सुवार्तेचा अर्थ आहे.

मोशेच्या नियमशास्त्रातही ठाऊक असण्याला मोठे वजन आहे. बैल मारका आहे हे धन्याला कळविले असूनही त्याने तो आवरला नाही, व त्याने मनुष्य मारला, तर धन्यावरही दोष येतो, असे निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात सांगितले आहे. इंजिन तापून गाडी थांबली तर पैसे जातात. पण ज्याचे ब्रेक कुचकामी आहेत ते वाहन मौन धरून विकणे म्हणजे मारका बैल दुसऱ्याच्या अंगणात सोडणेच होय.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्हास आमच्याच गिऱ्हाईक शोधण्यात सापडले. त्या गृहस्थांना कोणी फसविले, त्यांनी आम्हास फसविले, आणि आम्ही चौथ्याला फसविण्यास सिद्ध झालो होतो. गाडीच्या कागदांबरोबर पापही हातोहात नावावर चढत होते. ही साखळी कोठे तरी तुटावयाची तर कोणी तरी एकाने नुकसान सोसलेच पाहिजे. आणि जो निरपराध असून दुसऱ्यांचे ओझे वाहून गेला, त्याचे नाव आम्ही दर रविवारी घेतो. आम्ही गाडी दुरुस्त करविली. घराच्या गळक्या छपरासाठी ठेविलेले पैसे त्यात गेले, व पावसाळ्यात पातेली मांडून बसावे लागले. हे आम्ही बढाईने सांगत नाही. घरच्यांची बोलणी आजही ऐकतो.

घेणाऱ्यांसही दोन शब्द. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असे आम्ही केले, हा आमचा दोष. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी, तेलाचे झाकण उघडावे, आपला मिस्तरी बरोबर न्यावा, चढावर चालवावी. दोष आहे काय, हे स्पष्ट विचारून उत्तर लिहून घ्यावे. विकणाऱ्याने उत्तर टाळिले तर तेच उत्तर समजावे. नोंदणीपुस्तक व विमा आपल्या नावे करून घेण्यास उशीर करू नये. आणि भाव पाडण्यासाठी चांगल्या मालास नावे ठेवून मागाहून घरी हसू नये. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात अशा गिऱ्हाइकाचे चित्र आहेच.

गाडीच्या कप्प्यात आम्ही एक वही ठेविली आहे. कोणत्या दिवशी काय बिघडले, काय बदलले, हे तिच्यात लिहितो. पहिल्या पानावर घाटातील ती दुपार आहे. गाडी विकण्याचा दिवस येईल तेव्हा किल्लीच्या आधी ही वही घेणाऱ्याच्या हाती द्यावी, असा आमचा निश्चय आहे. त्यामुळे किंमत कमी येईल हे आम्ही जाणतो. त्या दिवशी आमचे मन डगमगू नये, म्हणून हे आजच छापून ठेवीत आहो.