कानात सांगायचं नाव

आई अंबाबाई,

आज ओटीच्या ताटात एक पाकीट ठेवलंय. रिकामंच आहे. चटणी भरण्याआधी तुला दाखवायचं होतं.

इतकी वर्षं दर उन्हाळ्यात मी शेजारपाजारची चटणी करून देत आले. तिला नाव कधी लागलंच नाही. वहिनींची चटणी म्हटलं की झालं. बायका घरचा डबा घेऊन यायच्या, चिमूटभर जिभेवर ठेवून बघायच्या आणि डबा भरून न्यायच्या. आता ती दुकानात ठेवायची म्हणतेय. तिथं मी नसणार, माझ्या जागी हे पाकीट उभं राहणार. जे मी तोंडानं सांगितलं असतं, तेच यानं सांगावं. त्यात एक शब्द जास्तीचा नको.

आधी क्षमा मागते. घरात सगळे म्हणाले, देवीचंच नाव दे, कोल्हापुरात दुसरं कशाला शोधायचं? मलाही मोह झाला. तुझं नाव वाचून गिऱ्हाईक डोळे झाकून विश्वास ठेवतं. पण आई, चटणी बरणीत ओतली की पाकीट केराच्या बादलीत जातं, तिथून रस्त्यावर, गटारीत. तुझा मुखवटा तिथं पडलेला मला बघवणार नाही. नावाच्या नोंदणीची चौकशी करताना आणखी एक कळलं. उदबत्तीसाठी ‘रामायण’ हे नाव आपल्यापुरतं मागणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली नाही म्हटलं. धर्मग्रंथाच्या नावावर एकट्याचा हक्क सांगता येत नाही. ऐकून मला बरंच वाटलं. आणि उद्या एखादा घाणा बिघडला, चटणी खवट निघाली, तर बोल माझ्या नावाला लागावा, तुझ्या नाही.

मग चित्राचा प्रश्न आला. चित्र काढणाऱ्या मुलीनं आधी नथ घातलेली, नऊवारी नेसलेली हसरी बाई काढून आणली. सुरेख होती, पण ती मी नव्हे. चटणी करताना आमच्याकडे कुणी नथ घालत नाही. तोंडाला फडकं बांधतो, कोपरापर्यंत हात भगभगतात, रात्री झोपताना गार दुधात बोटं बुडवून बसतो. तिला मी गच्चीवर नेलं. ब्याडगी आणि लवंगी वाळत घातली होती, सासूबाई देठ खुडत बसल्या होत्या. देठासकट कांडली तर वजन भरतं, चव मात्र उतरते, म्हणून त्या एकही देठ राहू देत नाहीत. ती मुलगी बराच वेळ त्यांच्या हाताकडे बघत राहिली. आता पाकिटावर तेच आहे, मिरचीचा देठ खुडणारी दोन बोटं. ज्या आजीला वाचता येत नाही, तिनंही बोटांची चटणी द्या म्हणून मागून न्यावी, एवढं त्या दोन बोटांत बळ घाल.

शब्दावरून घरात वाद झाला. पुण्या-मुंबईची माणसं चटणी म्हटलं की ताटातली डावी बाजू समजतात, म्हणून मसाला लिही, असं थोरला म्हणाला. त्याचं खोटं नाही. पण कांडपाच्या डंकावरून डबा घरी आला की आमच्या तोंडी चटणीच येते. मी मोठ्या अक्षरात चटणी लिहिलंय, खाली बारीक अक्षरात कांदा-लसूण मसाला. गिऱ्हाईक थोडं कमी आलं तरी चालेल, पण आपल्या बोलीची लाज वाटू देऊ नकोस.

पहिली लेबलं कागदाची केली होती. पंधरा दिवसांत तेल फुटून वर आलं, अक्षरं विरघळल्यासारखी झाली, सगळा गठ्ठा वाया गेला. त्या दिवशी मी रडले, ते तू पाहिलंस. आता तेल न शोषणारी लेबलं आहेत. मागच्या बाजूला परवान्याचा १४ आकडी नंबर, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, तारीख, किंमत, घरचा पत्ता. निव्वळ वजन २०० ग्रॅम लिहिलंय, तर काटा २०० च्या खाली राहू देऊ नकोस. रंग फिका पडलेल्या वर्षी माझा हात खोट्या रंगाकडे वळला, तर तो तिथंच धर.

गिरगावातल्या सात बायकांनी १९५९ साली ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. लिज्जत हे नाव त्यांनी ठरवलं १९६२ साली. आधी पापड, मग नाव. घाबरले की मी हे आठवते. माझ्याही बाबतीत हाताची चव आधी होती, ती नाव मिळाल्यावर जाऊ देऊ नकोस. शंभराव्या घाण्यालाही सासूबाईंनी चाखून मान हलवावी.

परवा नोंदणीचा अर्ज भरायचा आहे. मिळाली तर १० वर्षांची, मग पुन्हा नवी करायची. पाकिटावर नावाची जागा अजून कोरीच आहे; ठरवलेलं नाव कुणालाच सांगितलेलं नाही. बारशाला आत्या बाळाच्या कानात सांगते ना, तसं पहिल्यांदा तुझ्याच कानात सांगायचं ठरवलं होतं. रांग मागून रेटतेय, पुढं चला म्हणतायत. तुझ्या कानापर्यंत पोचता येत नाही, आई. इथं उंबऱ्याशी वाकते आणि सांगते. ऐक.