दया की न्याय?



मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ साली दृष्टिहीनांसाठी केंद्र सुरू झाले. संगणक पुस्तक वाचून दाखवू लागला, की अंध विद्यार्थ्याला दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागत नाही. दया सवडीने होते. न्याय रोज करावा लागतो.

२०१६ च्या कायद्यानुसार अनुदानित महाविद्यालयांत किमान ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत. पण वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, तर ती जागा कागदावरच राहते. कफर्णहूमात चौघांनी पक्षाघाती माणसासाठी छप्परच उघडले.

आपण पालघर-बोईसरचे पालक प्रवेश घेताना फी विचारतो. आपले मूल धडधाकट असले, तरी लिफ्टचीही चौकशी करू या. शिकणाऱ्यांसाठी, तशीच शिकवणाऱ्यांसाठी.