ओच्यात काय होतं?

या मननासाठी दुपारची वेळ निवडा. लोकलचा आवाज येत असेल तर येऊ द्या. डोंबिवलीत तो थांबायची वाट पाहत बसलात तर मनन राहूनच जाईल. माळ्यावरच्या ट्रंकेतलं आजीचं लुगडं काढून मांडीवर घ्या. उलगडू नका अजून. नुसता हात ठेवा.

९ वार. म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. एवढं ओझं सांभाळत बाई दिवसभर वावरायची.

आता एक घडी उघडा. काठावरून बोट सावकाश फिरवा. इरकल असेल तर पदराशी थांबा. त्याचे धागे लुगड्याच्या अंगाच्या ताण्याला एकेक फासा घालून जोडलेले असतात. डोळे मिटले तर जोड बोटाला लवकर सापडतो.

पुढे मध्येच आडवी शिवण लागली? तो दंड. विरलेला भाग कापून टाकायचा, धड राहिलेले तुकडे जोडायचे आणि तेच लुगडं पुन्हा नेसायचं. शिवणीवर थोडा वेळ थांबा. घरची ओढगस्त कुणी लिहून ठेवली नाही, ती इथे आहे.

आता ते अंगावर असल्याचं मनात आणा. कासोटा मागे खोचला की पाय मोकळे. निऱ्यांचा पुढचा घोळ वर खोचला की झाला ओचा: शेंगा, रानभाजी, पोराची चड्डी, काहीही त्यात. कमरेच्या पिळ्यात दडवलेलं नाणं ते कनवटीला. डोंबिवलीभोवतीच्या गावांतल्या आगरी बायकांचं लुगडं चोपून नेसलेलं, गुडघ्याशी थांबणारं. भातलावणीच्या चिखलात दुसरं चालेल कसं? ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात वरून अंगावर घ्यायची फडकी. शब्द हळू म्हणा. कासोटा. ओचा. कनवट. प्रत्येक शब्दाबरोबर हात आपोआप कुठे जातो ते पाहा. माझा कमरेकडे गेला आणि मोबाइलला लागला.

कापड तर इथून फार पूर्वीपासून बाहेर जायचं. सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक लेखकाने कल्याणच्या निर्यातीत पितळ आणि शिसवी लाकडाबरोबर कापड नोंदवलं. तेराव्या शतकात मार्को पोलोने ठाण्याच्या व्यापारात सुती माल. ते अंगावर कसं नेसतात, काय म्हणतात, हे लिहिण्याइतकं महत्त्वाचं दोघांनाही वाटलं नाही.

शब्दांपैकी पदर मात्र टिकला, कारण पाचवारीलाही तो असतो. म्हणून पदरमोड कळते, पदर पसरणं कळतं. खांद्याला पर्स आली आणि कनवट गेली. त्याचं दुःख करू नका, पर्स सोयीची आहे. पाडव्याला फडके रोडवर शिवलेली नऊवारी दिसते तिलाही नाक मुरडू नका. गर्दीत ती सुटत नाही, हा गुण लहान नाही.

पण घरात कुणी नेसणारी असेल तर आता तिला हाक मारा. ओचा कसा खोचायचा, विचारा. तिला सांगता येणार नाही. ती उठेल, लुगडं हातात घेईल आणि करून दाखवेल. मध्ये बोलू नका.

मग लुगडं ठेवून द्या. घडी जुन्या रेषेवर घालू नका. कापड तिथेच चिरतं.