खरे कोणासाठी?

'साठी बुद्धी नाठी' असे आपण सहज म्हणून जातो. मीही म्हणत असे. पण अहेरीतल्या आमच्या ओसरीवर एका संध्याकाळी मायने तिसऱ्यांदा विचारले, "बाबू, तुझे बाबा आलापल्लीहून आले का रे?" आणि त्या म्हणीतली थट्टा माझ्यापुरती संपली. बाबांना जाऊन अकरा वर्षे झाली होती.

मी पडलो शाळामास्तर. 'नेहमी खरे बोलावे' हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, त्याला गणती नाही. मी खरे ते सांगितले. माय अशी रडली, की जणू आत्ताच ते घडले आहे. अन् अर्ध्या तासाने पुन्हा तोच प्रश्न! माझे सत्य तिला रोज नव्याने वैधव्य देत होते.

चंद्रपूरला नेऊन डॉक्टरांना दाखवले. थायरॉईडचा दोष, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा खोल उदासी यांनीही विसर पडतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो. म्हणून 'म्हातारचळ' म्हणत घरी बसू नये, असे त्यांनी बजावले. मायचा आजार मात्र त्यांतला नव्हता. १९०६ साली आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी प्रथम मांडलेला तो आजार. त्यात बहुधा कालचे आधी पुसले जाते, जुने मागाहून. आणि प्रसंग विसरला तरी त्याचे दुःख मनात रेंगाळते. माय बातमी विसरे, तरी रात्रभर खिन्न का असे, ते तेव्हा उमगले.

मग मी खोटे बोलू लागलो. "येतील उद्या." ती झोपे, झोप माझी उडे. विसरणाऱ्याला फसवणे फार सोपे असते, आणि तेच मला टोचे.

पुष्कळ दिवसांनी ध्यानात आले, की ती बातमी विचारतच नव्हती. तिला एकटे वाटत होते. मी म्हटले, "माय, आठवण येते का त्यांची?" ती खुलली. प्राणहितेच्या पुरातून डोंग्याने ते कसे आले, तिच्यासाठी आणलेले लुगडे डोक्यावर धरून कसे कोरडे राखले, सारे सांगितले. त्यात खोटे काहीच नव्हते.

म्हणून सत्य सोडावे काय? गेल्या दिवाळीत पणत्यांत तेल घालताना तिने माझ्याकडे नीट पाहिले. "ते गेले ना रे?" या खेपेस तिला उत्तरच हवे होते. मी म्हटले, "हो, माय." ती रडली नाही, माझा हात धरून बसली.

खरे बोलावे, हे मुलांना मी आजही शिकवतो. फक्त त्याच्या वर आता एक वाक्य अधिक लिहितो : आधी नीट ऐकावे.