गवय आणि लेपर्ड मॉथ

जुन्या विमानाचा एक धूसर फोटो समोर ठेवायचा आणि म्हणायचं, ओळखा. विमानवेड्यांचा हा खेळ एवढाच. नवखा माणूस चमत्कारिक आकाराला बिचकतो, पण खरं तर चमत्कारिक विमानच ओळखायला सर्वांत सोपं. जर्मनीचं ब्लोम उंड फॉस बीव्ही १४१ घ्या. इंजिन आणि शेपूट एका नळीत, आणि माणसं बसायची काचेची खोली त्या नळीच्या शेजारी, वेगळी. डावी बाजू उजवीसारखी नाहीच! एकदा पाहिलं की ते जन्मभर डोक्यातून जात नाही. घाम फोडतात ती १९३०च्या आसपासची गरीब, सालस विमानं: डोक्यावर पंख, पोटात दोन-तीन माणसं, खाली दोन चाकं. तशी इंग्लंडात, फ्रान्समध्ये, अमेरिकेत डझनांनी झाली आणि फोटोत सगळी एका आईची लेकरं वाटतात.

शिवाय जे ओळखायचं, ते बहुधा आपण प्रत्यक्षात कधीच पाहिलेलं नसतं. न पाहिलेलं ओळखायचं कसं? हा पेच न्यायशास्त्राने फार पूर्वी हाताळला आहे. नगरात राहणाऱ्याला गवय ठाऊक नाही. रानातला माणूस त्याला सांगतो, तो गाईसारखा असतो. पुढे रानात तसा प्राणी दिसताच नगरवासी म्हणतो, हाच तो गवय. नैयायिक याला उपमान म्हणतात आणि प्रत्यक्ष, अनुमान यांच्या पंक्तीला बसवून ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानतात. विमानं ओळखणाऱ्याची सुरुवातीची सगळी पुंजी ही अशीच, ऐकीव साम्यांची. पण रानात गाईसारखे प्राणी दोन निघाले तर? दृष्टान्तातलं रान त्या बाबतीत फारच सोयीचं आहे.

१९४१च्या उत्तरार्धात फ्रान्सवरच्या आकाशात ब्रिटिश वैमानिकांना एक नवं लढाऊ विमान भेटू लागलं. त्याचं नाक गोल आणि बोजड, म्हणजे इंजिन हवेने थंड होणारं. जर्मन लढाऊ विमानाचं नाक निमुळतं असतं, हे सर्वांच्या मनात इतकं पक्कं बसलेलं की आधी अंदाज निघाला तो असा: फ्रेंचांकडून जर्मनांच्या हाती लागलेली अमेरिकी कर्टिस हॉक असणार. वैमानिक सांगत होते, हे आमच्या स्पिटफायरला मागे टाकतं. कर्टिसच्या आवाक्यातली ती गोष्ट नव्हती. साम्य डोळ्यांना दिसत होतं, फरक फक्त तोंडी सांगितला जात होता, आणि काही काळ तरी साम्याचीच सरशी झाली. ते होतं फॉके-वुल्फ १९०. जून १९४२मध्ये आर्मिन फाबर हा जर्मन वैमानिक ब्रिस्टलच्या खाडीला इंग्लिश खाडी समजला आणि वेल्समधल्या पेम्ब्रीच्या तळावर उतरला. अख्खं विमान धडधाकट इंग्रजांच्या हाती पडलं. म्हणजे त्यानेही समुद्र ओळखला तो साम्यावरूनच.

फोटोचं एक बरं असतं, तो पळून जात नाही. त्यावर भिंग ठेवता येतं, प्रमाण माहीत असेल तर पंखांची लांबी मोजता येते. युद्धकाळात इंग्लंडातल्या मेडमेनमला हवाई फोटो वाचणाऱ्या कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांनी १९४३मध्ये जर्मनीतल्या पेनेमुंडेच्या फोटोत जेमतेम ठिपक्याएवढं, सुमारे वीस फूट पंखांचं विमान हेरलं. ते व्ही-१ होतं, जर्मनांचा वैमानिकाविना उडणारा बॉम्ब. युद्धापूर्वी बॅबिंग्टन स्मिथ विमानांविषयीच्या एका नियतकालिकात लिहीत असत.

भिंग ठेवण्याजोगी एक जोडी आपल्याकडेही आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते डी हॅविलंड पस मॉथमधून. १९८२मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला, तो मात्र लेपर्ड मॉथमधून. दोन्ही एकाच कारखान्याची, दोन्हींचे पंख डोक्यावर, नाकांची ठेवणही तीच. इथे ‘पस मॉथसारखं’ म्हणून भागत नाही. नजर चाकाकडे न्यावी लागते. पस मॉथमध्ये चाकापासून निघालेली जाड दांडी केबिनच्या कडेने वर चढत पंखाच्या मुळापाशी जाते. लेपर्डमध्ये ती इतकी वर जात नाही, इंजिनामागच्या भिंतीलाच जोडलेली असते. पस मॉथचा पंख फळीसारखा सारख्या रुंदीचा, लेपर्डचा टोकाकडे निमुळता होत गेलेला. बाकी सगळं सोडलं तरी चालेल, दांडी सोडू नये.

मग फोटोखाली कोणी १९३२ लिहिलेलं असो, दांडी इंजिनामागे गेलेली दिसली की ती तारीख बाद. लेपर्ड मॉथचं पहिलं उड्डाणच मुळी मे १९३३मधलं. आता शेजारी उभ्या असलेल्या टाटांच्या पांढऱ्या केसांवरूनही हे कळलं असतं म्हणा, पण खेळात ते धरत नाहीत.